येऊ दे, येऊ दे, बस्स!

रात्रीचे दोन वाजून गेलेत आणि तुम्हाला पुन्हा जाग आली आहे.

टूं… टूं… टूं… अकराव्या मजल्यावरची काच लावून घेतली तरी तो आवाज उशीपर्यंत येतो. समोरच्या साइटवर खडीचा डंपर मागे घेतायत. वाघोलीत राहायला येऊन तुम्हाला चार वर्षं झाली. टँकरचं पाणी तुम्ही पचवलंत, वाघेश्वराच्या देवळापासून केसनंद फाट्यापर्यंतच्या गर्दीत रोज पाऊण तास घालवायला शिकलात, पण हा रिव्हर्स हॉर्न काही सोसवत नाही. परवा वैतागून सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हीच लिहिलंत : ‘रात्री दहानंतर डंपरचा हॉर्न बंद ठेवायला साइटवाल्यांना सांगा.’ खाली सत्तेचाळीस अंगठे आले.

आज मात्र तुम्ही चपला अडकवून खाली उतरता. गेटबाहेर धूळ, धुळीत दिव्यांचा झोत. डंपरची मागची बाजू तुमच्याच दिशेनं येते आहे. चालकाला तुम्ही दिसत नाही. दोन्ही आरशांत न मावणारी, बरोबर गाडीच्या पाठीमागची एक आंधळी पट्टी असते, नेमके तिच्यात तुम्ही उभे आहात. बाजूला व्हायचं सुचत नाही. आणि मग ती चाकं तुमच्या अंगावरून जाण्याऐवजी वर्षांवरून जाऊ लागतात. टूं… टूं… गाडी मागे निघाली आहे आणि तिच्याबरोबर अख्खी वाघोली.

पहिला थांबा लांब नाही. रविवार, २२ डिसेंबर २०२४, केसनंद फाटा.

मार्गशीर्षातली थंडी. फुटपाथवर माणसं ओळीनं झोपली आहेत, डोक्याखाली गाठोडी, अंगावर मिळेल ते पांघरूण. कामासाठी अमरावतीकडून आलेली ही माणसं आज रात्रीच इथं पोचली आहेत. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही ते दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत पाहिलेलं आहे. तुम्ही ओरडता, पण आवाज फुटत नाही. काळात मागे गेलेल्याला बघता येतं, कुणाला हलवता येत नाही, एवढी एकच अट या प्रवासाला आहे आणि ती फार वाईट अट आहे.

मध्यरात्र उलटून जाते. एक डंपर रस्ता सोडून फुटपाथवर चढतो. एक वर्षाचं एक मूल, दोन वर्षांचं दुसरं आणि एक तरुण, असे तीन जीव जातात. सहाजण जखमी होतात. चालक दारू प्यायलेला होता असं पोलीस सांगतील.

यापुढचं वर्णन मी करणार नाही. फक्त हे सगळं कोणत्या वहीत लिहिलं गेलं ते बघून घ्या. रस्ते अपघात. माणसं मजूर होती, पण त्या क्षणी कामावर नव्हती. गाडी बांधकामाच्या धंद्यातली, पण जागा रस्त्याची. म्हणून कामगारांच्या अपघातांच्या हिशेबात ही नोंद येत नाही. हिशेब चुकला असं कुणी म्हणणार नाही. नियमानं बरोबरच आहे.

तो डंपर त्या रात्री कुठून निघाला होता, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण इथं डंपर हे जनावर खाणीचं. खड्ड्यातून दगड वर काढणारं. रुंद, उंच, मागे आंधळं, भरलेलं असताना थांबायला उशीर लावणारं. खाणीत त्याच्यासाठी वेगळी वाट असते, निदान असावी. शहरानं खाण गिळली आणि ते जनावर तेवढं रस्त्यावर मोकळं राहिलं.

टूं… टूं…

वाटेत ३० जून २०२१ लागतो. त्या दिवशी वाघोली पुणे महापालिकेत गेली. तिथं उतरण्यासारखं काही नाही, आदल्या दिवशीचे खड्डे दुसऱ्या दिवशीही तिथंच आहेत. इमारती मजला-मजला करत जमिनीत जातात. तुमची सोसायटी विटा, सळया आणि शेवटी ब्रोशर होऊन नाहीशी होते. तिच्यामागे जे हिरव्या पाण्याचं तळं तुम्हाला बाल्कनीतून दिसायचं, ज्याला एजंटानं ‘लेक व्ह्यू’ म्हटलं होतं, त्यातलं पाणी उतरतं. तळाशी यंत्रं हलताना दिसतात. ते तळं नव्हतंच, ती दगडखाण होती.

साल २०१० च्या आसपासचं. वाघोली, भावडी, लोणीकंद असा हा सगळा पट्टा पांढुरक्या धुळीखाली आहे. बाभळीसुद्धा पांढऱ्या. तुम्ही उतारावरून खाली निघता. पाच-सहा मजली इमारत मावेल एवढा खोल खड्डा, कडे जवळजवळ सरळसोट. नियमाप्रमाणे कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत यायला हवा, म्हणजे वरून सुटलेला दगड मधल्या पायरीवर अडतो. पायरी ठेवायची म्हणजे तेवढा दगड न काढता सोडायचा, आणि दगड ब्रासवर विकला जातो. मग पायऱ्या कशाला राहतात!

खाली पोकलेन दगड उचलून डंपरमध्ये टाकतो आहे. त्याचा दांडा फिरतो तेव्हा मागचं वजनदार धूडही फिरतं, उलट्या बाजूनं, गुपचूप. दांड्यापासून सगळे लांब राहतात. जो सापडतो तो बहुधा मागच्या धुडात. भरलेला डंपर घरघरत चढावर लागतो. वाटेच्या दरीकडच्या अंगाला चाक अडेल असा मातीचा बांध असावा लागतो. इथं काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी गेल्या पावसात वाहून गेला आहे.

वर क्रशर. हॉपरमध्ये दगड कोसळतात, जबडा ते चावतो, पट्टे ते पुढे नेतात, जाळ्यांवरून चाळीस, वीस, दहा एमएम आणि डस्ट असे ढीग पडतात. तुमच्या बेडरूमच्या स्लॅबमधली खडी यांपैकीच कुठल्या तरी ढिगातली असेल. तेवढ्यात जबड्यात एक आडवा दगड अडकतो. पुस्तकात लिहिलंय : मशीन बंद करा, वीज तोडा, मग वर चढा. पण भरल्या पोटी बंद केलेला जबडा पुन्हा सुरू होत नाही, आधी आतला सगळा माल हातानं उपसावा लागतो. त्यात अर्धा दिवस जातो आणि खेपेवर पैसे घेणाऱ्यांचा तो अर्धा दिवस कोण भरून देणार? म्हणून एक पोरगा पहार घेऊन चालू जबड्याच्या काठावर उभा राहतो. बेफिकिरी हा शब्द अशा वेळी फार लवकर वापरला जातो. त्या पोराचं गणित आपल्यापेक्षा पक्कं आहे.

खाली पट्ट्याच्या शेवटच्या ड्रमपाशी एक बाई फावड्यानं डस्ट ओढते आहे. ड्रम आणि पट्टा जिथं भेटतात तिथं फावड्याचं पातं लागलं तर ते आत खेचलं जातं, आणि फावडं सोडून द्यायला माणसाच्या हाताला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत पट्टा हाताशी पोचलेला असतो. साधी लोखंडी जाळी लावली तर हे टळतं. इथली जाळी दुरुस्तीसाठी काढली होती. ती शेजारीच भिंतीला टेकून ठेवलेली आहे.

आता जरा हिशेब. कामगार भरपाईचा कायदा तेव्हा होता तो १९२३ सालचा. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या शरीराची यादी होती, प्रत्येक अवयवापुढे कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं तो आकडा. अंगठा गेला : ३०. तर्जनी पूर्ण गेली : १४. मधलं बोट : १२. एक डोळा, दुसरा शाबूत असेल तर : ४०. ही यादी वाचून अंगावर काटा येतो, पण ज्याला ती लागू होते तो तरी नशीबवान म्हणायचा. कारण ती लागू व्हायला आधी तुम्ही कामगार होतात हे सिद्ध व्हावं लागतं. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं आणि फावडं ओढते बायको. किंवा दोघांचंही नाही, फक्त ट्रॅक्टरचा नंबर आणि खेपा. हजेरी नाही तर कामगार नाही, आणि कामगारच नाही तर अपघात कुणाला झाला?

खाणींसाठी १९५२ चा स्वतंत्र कायदा होता. त्यात कोळशाच्या, लोखंडाच्या, दगडाच्या, सगळ्याच खाणी येत. मात्र बांधकामाच्या दगडाला, मुरुमाला, खडीला एक सूट होती : उघडी खाण असेल, ती सहा मीटरपेक्षा खोल नसेल, कोणत्याही दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं कामाला नसतील आणि सुरुंग उडवत नसतील, तर बहुतेक कलमं लागू नाहीत. सगळ्या अटी एकदम पाळल्या तरच. तुम्ही आत्ता ज्या खड्ड्यात उभे आहात तो सहा मीटर केव्हाच ओलांडून गेलाय आणि दुपारी बारानंतर इथं सुरुंग उडतात. म्हणजे ही पुरती कायद्यातली खाण. इथल्या अपघाताची खबर खाण सुरक्षा महासंचालनालयाला जायला हवी. तिथं अपघातांचे खण केलेले आहेत : कडा किंवा छत कोसळणं, वाहतुकीची यंत्रं, इतर यंत्रं, स्फोटकं, वीज आणि पुढचे. माणूस बहात्तर तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर त्या दुखापतीचीही नोंद व्हायला हवी. महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला. वाघोलीतून धनबाद किती लांब आहे ते नकाशावर मोजू नका, मुकादमाच्या वहीवरून मोजा.

गाडी पुन्हा मागे. टूं… टूं… आणि मध्येच तो आवाज तुटतो.

तुम्हाला बरं वाटतं. मग लक्षात येतं की गाडी तर मागेच येते आहे, फक्त आता तिला हॉर्न नाही. त्याऐवजी धाडधाड असा पत्र्यावर थापा मारल्याचा आवाज आणि एक कोवळा गळा : ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!’

हे १९९७ आहे. खड्डा निम्मा भरून आला आहे. जे अजून खणलेलं नाही ते परत जागेवर आलंय. खाणीत काळाची शिडी गमतीशीर असते. खालचा थर पृथ्वीच्या हिशेबानं जुना, पण माणसाच्या हिशेबानं सर्वांत नवा, कारण तो शेवटी खणलेला. म्हणून तुम्ही मागे मागे येता तसे खड्ड्यात वर वर येता.

ज्यानं ‘बस्स’ म्हटलं तो क्लीनर. वय सोळा असेल, पंधराही असेल. त्याचं काम गाडीच्या मागे उभं राहायचं, हातानं फळीवर थापा मारायच्या आणि चालकाचे डोळे व्हायचं. त्यासाठी त्याला उभं राहावं लागतं ते नेमकं त्याच आंधळ्या पट्टीत. पाय घसरला, कंप्रेसरच्या आवाजात ‘बस्स’ बुडालं, मागे दगड लागला, यातलं काहीही एक पुरतं. रिव्हर्स हॉर्न म्हणजे या पोराला त्या जागेतून बाहेर काढण्याची युक्ती. तुमच्या ग्रुपवर हे कुणी लिहिलं नव्हतं.

ट्रॅक्टरवर चढवलेला कंप्रेसर चालू आहे. त्याच्या नळीला जॅकहॅमर, जॅकहॅमरला एक माणूस, तोंडाला फडकं, कानात काही नाही. तो नुसता थरथरतो आहे. भोकं पाडून झाली की त्यांत दारू आणि ती पेटवणारी केप भरतील, शिट्टी होईल, लाल फडकं हलेल, सगळे ट्रॅक्टरच्या आडोशाला पळतील. नऊ आवाज व्हायला हवेत आणि आठच झाले, तर खरी भीती सुरू होते, कारण नववा सुरुंग आत तसाच आहे आणि उद्या जॅकहॅमर त्याच्याच शेजारी लागणार आहे.

दगड फुटतो तशी त्यात कुठे कुठे पोकळी निघते. वाकून बघा. आत निळा रंग आहे, मोरपिशीपेक्षा गडद, बारीक काड्यांचा गोळा, पांढऱ्या स्फटिकांच्या गादीवर ठेवल्यासारखा. हे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन नावांच्या सुरुवाती जोडून केलेलं नाव. पहिल्यांदा सापडलं ते १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगातले सर्वांत देखणे नमुने निघाले ते इथं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात, थंड होताना राहून गेलेल्या पोकळ्यांमध्ये. जगभरच्या संग्रहालयांत काचेआड तो निळा दगड असतो आणि खाली चिठ्ठी : वाघोली, पुणे, महाराष्ट्र. दगडाची नोंद अशी चोख. कुठल्या खाणीतला, कधीचा, वजन किती. तो ज्याच्या हातोड्याखाली निघाला त्या हाताला बोटं किती होती, ते चिठ्ठीवर नसतं.

याच १९९७ साली, इथंच, आणखी एक गोष्ट सुरू होते. बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांची ‘संतुलन’ ही संस्था खाणींवर शाळा भरवू लागते. पाषाण शाळा. कामगारांची मुलं गावातल्या शाळेत पोचत नव्हती. अंतर होतं, भाषा वेगळी होती, दाखले नव्हते, म्हणून शाळाच खाणीवर आली. ही हकिगत शिक्षणाच्या संदर्भात नेहमी सांगतात, आणि ती त्यासाठी सांगण्यासारखी आहेच. मला तिची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. आईबाप दगड भरत असताना दोन-चार वर्षांचं मूल कुठे असतं? ट्रॅक्टरच्या सावलीत. माळावर दुसरी सावली नसते. आणि ट्रॅक्टर सुरू करताना खाली कोण झोपलंय ते बघायची सवय प्रत्येकाला असतेच असं नाही. वाघोलीच्या खाणींत आलेलं सर्वांत परिणामकारक सुरक्षायंत्र कोणतं, असं मला विचारलं तर मी हेल्मेट किंवा हॉर्न म्हणणार नाही. ही शाळा म्हणेन. तिनं मुलांना चाकांपासून दूर नेऊन बसवलं.

इथून थोडं आडवं जाऊ, माणसांचा हिशेब ठेवणारी खाण बघायला. चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत, १९८० च्या दशकात. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वस्तीत भोंगा होतो आणि तुम्ही पहाटेच्या पाळीबरोबर रांगेत उभे राहता.

इथं आत जायच्या आधी तुमचं नाव लिहून घेतात. टोपीला लावायचा दिवा मिळतो, त्याची बॅटरी कंबरेला. दिवे ठेवायच्या खोलीत ज्याची जागा रिकामी, तो माणूस अजून खाली आहे, असा सरळ हिशेब. पाळी संपल्यावर एक जागा रिकामी राहिली तर वरचे लोक शोधायला उतरतात. वाघोलीच्या खड्ड्यातून आल्यावर तुम्हाला या खोलीपाशी उगाचच थांबावंसं वाटतं.

मग उतार. इथं त्याला इन्क्लाइन म्हणतात. मधोमध रूळ, रुळांवर लोखंडी टब, टबांना पोलादी दोर, वर इंजिनघरात हॉलेज. भरलेले टब दोरानं वर ओढतात, रिकामे खाली सोडतात. घंटेची भाषा ठरलेली, चालता दोर थांबवायला एक टोला. तुमच्या पुढचा जुना कामगार जाता जाता भिंतीला हात लावत चालतो. ठरावीक अंतरावर भिंतीत एक कोनाडा कोरलेला, आतून चुन्यानं पांढरा केलेला, अंधारातही दिव्यात चमकेल असा. मॅनहोल. दोर चालू असताना या वाटेनं चालायचंच नाही, असा नियम. पण सापडलातच, तर त्या कोनाड्यात शिरायचं आणि टब जाईपर्यंत पाठ भिंतीला लावून उभं राहायचं.

सापडायला वेळ लागत नाही. दोन टबांमधली कडी निसटली की मागचा टब उतारावर सुटतो. तो सुटला तर अडावा म्हणून रुळांवर आडवे ठोकळे असतात, शेवटच्या टबाला मागे लोंबणारा दांडा असतो, जो टब मागे घसरू लागताच जमिनीत रुततो. हे सगळं असूनही माणसं सापडतात. कधी ठोकळा बाजूला करून ठेवलेला असतो, कारण प्रत्येक खेपेला तो उचलायचा कंटाळा येतो. कधी दमलेला माणूस परतीच्या वाटेवर टबावर बसून येतो. पुढे कोळसा भरायला यंत्रं आली तेव्हा नवा धोका आला. अरुंद बोगद्यात यंत्र वळतं आणि माणूस यंत्र व भिंत यांच्यामध्ये येतो. अमेरिकेनं २०१५ साली भूमिगत कोळसा खाणींतल्या कापणीयंत्रांसाठी असा नियम केला की, कामगाराच्या अंगावरचं उपकरण जवळ आलं की यंत्रानं आपणहून थांबावं. म्हणजे ‘बस्स’ म्हणायला माणूस उभा करायचा नाही, यंत्रानंच ते ऐकायचं.

कोळसा खाण म्हणजे रामराज्य असं मला म्हणायचं नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशे माणसं आत राहिली. ती गोष्ट देशाला माहीत झाली, ‘काला पत्थर’ हा १९७९ चा सिनेमा तिच्यावरूनच सुचलेला. टबाखाली एकट्यानं सापडलेल्या माणसावर कुणी सिनेमा काढत नाही. चाक एकेकट्याला गाठतं, म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही. पण इथं तो एकटा निदान वहीत आहे. निरीक्षक येतो, दोराची कडी तपासतो, ठोकळा कुठे होता ते विचारतो. संघटनेचा माणूस शेजारी उभा असतो. चौकशीत दोष मेलेल्याचाच निघतो असंही होतं. तरी ठोकळा कुठे होता हे कुणीतरी विचारतं, आणि भिंतीत कोनाडा असतो.

वाघोलीत कोनाडा कुठे होता? त्या डिसेंबरच्या रात्री फुटपाथ म्हणजेच तो कोनाडा होता, दुसरं काय.

परत रुळावर येऊ. गाडी आता फार हळू मागे जाते आहे, आणि एका ठिकाणी ती उरतच नाही. थापा नाहीत, हॉर्न नाही. पत्र्यासारखं तापलेलं आभाळ आणि टक, टक, टक असा शेकडो हातांचा आवाज. १९७२ चा दुष्काळ. ही वाघोली नाही, मराठवाड्यातला कुठलातरी माळ. दुष्काळी कामावर बाया-माणसं ओळीनं बसून खडी फोडतायत. ज्यांनी आयुष्यात जमीन सोडून काही फोडलं नाही तेही. सुकडीची पाकिटं, साडीच्या झोळीत पोर, बोटांना चिंध्या. शेजारी दोन घरं वडारांची, त्यांच्या हातात सुतकी, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, वेगळाच चालतो. दगडाची शीर कुठे आहे ते त्यांना हातानंच कळतं, बाकीचे नुसता दगड बडवत बसतात.

इथंही अपघात आहेत. कपची उडून डोळ्यात जाते. अंगठा हातोड्याखाली येतो. पण इथल्या जखमेला तिच्या धन्याचा आकार आहे : आपलाच हात, आपलाच हातोडा, आपल्या ताकदीएवढाच घाव. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या अंगावरून जात नाही. हे दिवस चांगले होते असं सांगायला मी तुम्हाला इथं आणलेलं नाही. उपाशी माणसं खडी फोडतायत, त्यात चांगलं काय असणार! फक्त बघा की या माळावरून उठून कितीतरी कुटुंबं पुढच्या वर्षांत पुण्याकडे आली. सोलापूरकडून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून. आणि त्यांच्या हाताला हेच एक काम शिकलेलं होतं. पुणं वाढायला निघालं होतं, त्याला दगड हवा होता. वाघोलीत तेव्हा खड्डे नव्हते. टेकाड होतं.

आता गिअर बदलतो. गाडी पुढे निघते आणि पुढे जायला हॉर्न लागत नाही. टेकाड सपाट होतं, सपाटीचा खड्डा होतो, जॅकहॅमर, केप, निळा दगड, फळ्यासमोर बसलेली पोरं, जबडा, पट्टा, भिंतीला टेकवलेली जाळी. खाणी एकेक करून थांबतात, खड्ड्यात पाणी साठतं, पाण्याच्या काठावर ब्रोशर उगवतं. फुटपाथ डोळ्यांसमोरून जातो तेव्हा तुम्ही मान वळवता, तरी दिसायचं ते दिसतंच.

तुम्ही गेटपाशी उभे आहात. सव्वादोन झालेत. डंपर अजून मागे येतोय, पण आवाज बंद झाला आहे. साइटचा रखवालदार तुम्हाला बघून पुढे येतो.

“झोपमोड झाली का? काढली बघा वायर आत्ताच. तुमच्या सोसायटीचा निरोप आला होता संध्याकाळी. आता नाही वाजायचा.”

“मग मागे कोण बघतंय?”

“आहे की पोरगं.”

डंपरच्या मागे, लाल दिव्याच्या उजेडात, एक पोरगा उभा आहे. पायात स्लीपर. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातानं तो फळीवर थापा मारतोय. आवाज अगदी बेतानं, वरच्यांची झोप मोडू नये म्हणून दबक्या गळ्यानं : येऊ दे, येऊ दे, येऊ दे…

परवाचा मेसेज अजून ग्रुपवर आहे, सत्तेचाळीस अंगठ्यांसह. तो आत्ता, इथंच उभ्याउभ्या पुसून टाका आणि दुसरा लिहा : हॉर्न वाजू दे. मग वर जाऊन कानात कापसाचे बोळे घाला आणि झोपा.